कमी खर्चात संकेतस्थळ शोधयंत्रात वर कसे आणावे?

वसई तालुक्यातील आगाशी परिसराची सुकेळी आपल्यापैकी अनेकांनी चाखली असतील. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधून विकायची, असा हा जुना घरगुती व्यवसाय आहे. काम कष्टाचे, सर्वस्वी उन्हावर अवलंबून असलेले आणि पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या दिवसांपुरतेच चालणारे. ते करणारी घरे आता थोडीच उरली आहेत.

समजा, अशाच एका घरातील मुलाने थोडे पैसे साठवून आपल्या सुकेळीसाठी संकेतस्थळ तयार करून घेतले. त्यावर छायाचित्रे घातली, दूरध्वनी क्रमांक दिला. सहा महिने लोटले, तरी पुण्याहून, नाशिकहून किंवा आखाती देशांतून एकही विचारणा आली नाही. गूगलवर ‘सुकेळी’ हा शब्द टाकला, तर त्याचे संकेतस्थळ पहिल्या पानावर नाही आणि दुसऱ्यावरही नाही. अशा वेळी एके दिवशी दूरध्वनी येतो, “आम्ही तुमचे संकेतस्थळ गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देऊ. महिन्याला फक्त दहा हजार रुपये द्या.” एका हंगामाच्या तुटपुंज्या मिळकतीतून हे पैसे काढावेत काय, हा त्या कुटुंबापुढील खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ विक्रेत्याचा नाही. गावातील शाळा, पतपेढी, महिला मंडळ, रोपवाटिका, इतकेच काय पण आपले धर्मग्राम, या सर्वांची संकेतस्थळे आज आहेत आणि त्यांपैकी कित्येक शोधणाऱ्याला सापडतच नाहीत. म्हणून या विषयाची थोडी मुळापासून ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल. आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. शोधयंत्रात वर येण्यासाठी जे लागते, त्यातील बहुतांश विनामूल्य आहे. त्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि आपल्या कामाची नेमकी माहिती लागते. ती माहिती कोणत्याही मध्यस्थाजवळ नसते. ती आपल्याच घरात असते.

शोधयंत्राचे काम कसे चालते?

शोधयंत्र, म्हणजे ज्याला आपण सर्च इंजिन म्हणतो, ते तीन पायऱ्यांनी काम करते. पहिल्या पायरीवर त्याचे स्वयंचलित प्रोग्रॅम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात महाजालभर फिरत असतात. दुसऱ्या पायरीवर जे पान सापडले त्यातील मजकूर वाचून त्याची नोंद केली जाते. ग्रंथालयात पुस्तक आले की त्याची सूचीत नोंद होते, तसाच हा प्रकार आहे. तिसऱ्या पायरीवर कोणी एखादा शब्द शोधला, की नोंदीतील कोणती पाने त्याला अधिक उपयोगी पडतील हे ठरवून त्यांचा क्रम लावला जातो.

हा क्रम कशावरून लावायचा? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी १९९८ मध्ये याचे एक उत्तर मांडले. एखाद्या विद्वानाच्या ग्रंथाचा उल्लेख जितके इतर ग्रंथकार करतात, तितके त्या ग्रंथाचे वजन वाढते. त्याचप्रमाणे एखाद्या पानाकडे इतर कोणती व किती पाने दुवा देतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवावे, अशी त्यांची कल्पना होती. तिला ‘पेजरँक’ असे नाव मिळाले आणि त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली. आज क्रम लावताना दुव्यांखेरीज इतर असंख्य बाबींचा विचार होतो. मजकूर शोधलेल्या प्रश्नाशी किती जुळतो, तो किती विश्वासार्ह आहे, शोधणारा कोठे आहे, पान मोबाईलवर नीट दिसते काय, हे सारे पाहिले जाते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. शोधाच्या निकालांत ज्या जाहिराती दिसतात त्यांच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण असते आणि त्यांचे पैसे गूगल घेते. परंतु त्यांखेरीजच्या निकालांतील क्रम विकत मिळत नाही. पैसे घेऊन आपण कोणाचेही संकेतस्थळ वर नेत नाही, असे गूगलने जाहीरपणे सांगितले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही गूगलनेच म्हटले आहे. तेव्हा जो कोणी अशी हमी देतो, तो आपल्या हाती नसलेली वस्तू विकत असतो.

पहिली तपासणी: आपली नोंद झाली आहे काय?

क्रमाची चिंता करण्याआधी नोंद झाली आहे काय, हे पाहावे. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘साईट’ हा शब्द लिहावा, त्याला लागून अपूर्णविरामाचे चिन्ह द्यावे आणि मोकळी जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. नोंद झालेली पाने समोर येतात. एकही पान आले नाही, तर सारे संकेतस्थळच शोधयंत्राच्या दृष्टीआड असण्याचा संभव आहे.

याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते. लहान संस्थांची बरीचशी संकेतस्थळे ‘वर्डप्रेस’ या विनामूल्य प्रणालीवर उभारलेली असतात. तिच्या सेटिंगमध्ये वाचनविषयक विभागात शोधयंत्रांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. काम अर्धवट असताना करणारा ती चौकट खूण करून ठेवतो आणि काम पूर्ण झाल्यावर खूण काढायला विसरतो. दुकान थाटले, माल मांडला, पण दारावरची ‘बंद’ ही पाटी तशीच राहिली, असा हा प्रकार होय. ती खूण काढण्यास पैसा लागत नाही.

मराठीची खास अडचण: दिसणारे अक्षर आणि वाचले जाणारे अक्षर

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही. त्याच्यापाशी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जगातील सर्व लिप्यांना असे क्रमांक देणारी ‘युनिकोड’ ही पद्धत १९९१ पासून आहे व तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा आहे. परंतु ती सर्वत्र रुळण्यापूर्वी आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरून मराठी टंकलेखन होत असे. त्यात इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे.

याचे एक उदाहरण पाहू. ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द टंकित केला, तर आपल्या डोळ्यांना तो ‘भारत’ असाच दिसतो. संगणकाच्या स्मरणात मात्र एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात. शोधयंत्र चित्र पाहत नाही, ते साठवलेली अक्षरे वाचते. त्यामुळे त्या पानावर ‘भारत’ हा शब्द शंभर वेळा असला, तरी शोधयंत्राच्या लेखी तो तेथे एकदाही नसतो. २००० नंतरच्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रे महाजालावर वाचण्यासाठी आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या काळचा कितीतरी चांगला मजकूर याच कारणाने आजही शोधात येत नाही.

दुसरा प्रकार आजचा आहे. सूचना, दरपत्रक, कार्यक्रमपत्रिका हे सारे सुबक चित्र म्हणून बनवायचे, ते व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि तेच चित्र संकेतस्थळावर डकवायचे, अशी रीत पडली आहे. चित्रातील अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न शोधयंत्रे करतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. छापील अंकाची पाने स्कॅन करून ठेवली, तरी हीच अडचण येते.

म्हणून पहिला नियम असा: पानावरील प्रत्येक महत्त्वाची ओळ युनिकोडमध्ये टंकित केलेली असावी. याची परीक्षा सोपी आहे. ती ओळ निवडून तिची नक्कल करावी आणि मोबाईलवरील एखाद्या साध्या संदेशात उतरवावी. मराठी अक्षरे उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर तो मजकूर नव्याने द्यायला हवा. जुन्या फॉन्टमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने विनामूल्य मिळतात. मात्र रूपांतर झाल्यावर तो मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरांत चुका राहतात.

शोधणारा कोणता शब्द लिहितो?

आपण आपल्या वस्तूला काय म्हणतो, यापेक्षा शोधणारा तिला काय म्हणतो हे महत्त्वाचे आहे. आगाशीतील माणूस ‘सुकेळी’ म्हणेल. पुण्यातील ग्राहक कदाचित ‘वसईची सुकी केळी’ किंवा ‘वाळवलेली केळी’ असे लिहील. परदेशात वाढलेला नातू इंग्रजी अक्षरांत ‘सुकेळी’ लिहील, तोही दोन-तीन निरनिराळ्या स्पेलिंगांनी. मराठी न जाणणारा ‘सन ड्राइड बनाना’ असे शोधील. ८ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याला जाणाऱ्यांचेही असेच आहे. कोणी ‘मोतमाऊली’ लिहितो, कोणी ‘माउंट मेरी’. कोणी ‘वांद्र्याची जत्रा’ शोधतो, तर कोणी ‘बांद्रा फेअर’. ठिकाण एक, पण त्याकडे येणाऱ्या शब्दांच्या वाटा चार आहेत.

हे शब्द जमवण्यासाठी पैसा लागत नाही. ग्राहकांचे दूरध्वनी आणि संदेश आठवावेत व त्यांनी वापरलेले शब्द वहीत लिहून ठेवावेत. गूगलच्या चौकटीत पहिला शब्द लिहिताच खाली जी सूचनांची यादी येते, ती पाहावी. निकालांच्या मधोमध कधी लोकांनी विचारलेले संबंधित प्रश्न दिसतात, तेही टिपून घ्यावेत. मग हे शब्द मजकुरात सहजपणे येतील असे लिहावे. ‘आमच्याकडील सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी’ या एका वाक्यात दोन वाटा जोडल्या जातात. इंग्रजी वाचकांसाठी वेगळे पान करावे आणि दोन्ही पाने परस्परांना जोडावीत. एकाच पानावर दोन भाषांची सरमिसळ करू नये.

मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा मोह टाळावा. तशी पाने वाचकाला कंटाळवाणी वाटतात आणि शोधयंत्रेही त्यांना खाली टाकतात. पानाच्या आत दडवून ठेवायची ‘कीवर्ड’ची यादी तर गूगल क्रमासाठी विचारातच घेत नाही, हे त्याने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही कोणी त्या कामाचे पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

पान कसे लिहावे?

प्रत्येक पानाला एक शीर्षक असते. शोधाच्या निकालांत ठळक दिसते ती बहुधा हीच ओळ. पुष्कळ संकेतस्थळांवर ती नुसती ‘होम’ किंवा ‘मुख्यपृष्ठ’ अशी असते. त्याऐवजी ‘आगाशी, वसई येथील घरगुती सुकेळी’ असे शीर्षक असावे. प्रत्येक पानाचे शीर्षक निराळे हवे. त्याखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णनही आपण लिहू शकतो. त्याने क्रम वाढत नाही, पण वाचून माणूस आत येतो. छायाचित्राला त्यात काय आहे हे सांगणारी छोटी ओळ जोडावी. ती शोधयंत्राला उपयोगी पडते आणि दृष्टिहीन वाचकाच्या संगणकालाही ती वाचून दाखवता येते.

मजकुरात काय असावे? ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ असली वाक्ये कोणीही लिहू शकतो, म्हणून ती निरुपयोगी आहेत. केळी कोणत्या जातीची, ती किती दिवस वाळवतात, साखर घालतात काय, पाकिटाचे वजन किती, भाव काय, किती दिवस टिकतात, दमट हवेत कशी ठेवावीत, नवा माल केव्हा येतो, बाहेरगावी कसा पाठवतात, अन्नपदार्थ विक्रीसाठीचा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक कोणता, या प्रश्नांची सरळ उत्तरे द्यावीत. ढगाळ दिवस आला तर वाळवण कशी सांभाळतात, हे त्या घरातील आजीला जसे ठाऊक आहे तसे शहरातील कोणत्याही लेखकाला ठाऊक नाही. तिला विचारून दहा ओळी लिहिल्या, तर तसे पान महाजालावर दुसरे सापडणे कठीण. शोधयंत्र ज्या ‘मूळ मजकुरा’चा शोध घेत असते, तो हाच.

हल्ली यंत्राकडून क्षणात शेकडो पाने लिहून घेता येतात. क्रम वाढवण्याच्या हेतूने असा निःसत्त्व मजकूर घाऊक प्रमाणात निर्माण करणे हा गैरप्रकार होय, असे गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या नियमांत घातले आहे. शंभर पोकळ पानांपेक्षा सहा भरीव पाने बरी.

विनामूल्य मिळणारी साधने

पहिले साधन ‘गूगल सर्च कन्सोल’. संकेतस्थळ आपले आहे हे सिद्ध केले, की कोणत्या शब्दांच्या शोधात आपली पाने किती वेळा दिसली आणि किती जणांनी ती उघडली, हे येथे कळते. मागील सोळा महिन्यांपर्यंतची माहिती पाहता येते. कोणत्या पानाची नोंद झाली नाही व का झाली नाही, हेही कळते. संकेतस्थळावर कोणी घुसखोरी करून भलताच मजकूर घातला असेल, तर त्याचा इशारा येथे मिळू शकतो. पानांची यादी असलेली ‘साइटमॅप’ नावाची फाईल येथेच सादर करावी. ‘बिंग’ या शोधयंत्राचेही असे विनामूल्य साधन आहे.

दुसरे साधन ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’. नकाशावर आपले ठिकाण, वेळा, दूरध्वनी व छायाचित्रे दिसतात, ती यामुळे. जेथे ग्राहक किंवा लोक प्रत्यक्ष येतात अशा ठिकाणासाठी, किंवा जो व्यवसाय ग्राहकाच्या दारी सेवा देतो त्यासाठी, हे आहे. ‘माझ्याजवळ’ अशा शोधांत आणि गावाच्या नावासह केलेल्या शोधांत याचा मोठा उपयोग होतो. नाव, पत्ता आणि दूरध्वनी संकेतस्थळावर जसा आहे तसाच येथे असावा. संतुष्ट ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती अवश्य करावी, पण त्यासाठी सवलत किंवा भेट देऊ नये. तसे करणे नियमांविरुद्ध आहे.

तिसरे साधन ‘पेजस्पीड इनसाइट्स’. येथे पत्ता दिला, की पान किती वेगाने उघडते ते समजते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. लहान संकेतस्थळे मंद असण्याचे मुख्य कारण म्हणजे कॅमेऱ्यातून काढलेली अवजड छायाचित्रे जशीच्या तशी चढवणे. ती आधी लहान करून घ्यावीत. गूगल आता पानाची मोबाईलवरील आवृत्तीच प्रमाण मानते. हा बदल पूर्ण झाल्याचे त्याने २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणून संगणकावर पान कसे दिसते यावर समाधान मानू नये. साध्या मोबाईलवर, जेथे संपर्क क्षीण आहे अशा जागी उभे राहून ते उघडून पाहावे. सुरक्षित जोडणीचे, म्हणजे ‘एचटीटीपीएस’चे प्रमाणपत्रही आता विनामूल्य मिळते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१६ पासून सर्वांना ते देत आहे.

दुवे मिळवावेत, विकत घेऊ नयेत

इतरांनी आपल्याकडे दिलेल्या दुव्यांचे महत्त्व आजही आहे. म्हणूनच दुवे विकणाऱ्यांचा बाजार भरला आहे. ‘हजार दुवे, दोन हजार रुपयांत’ अशी जाहिरात दिसली, तर तिच्यापासून दूर राहावे. मोठमोठ्या कंपन्यांनाही असल्या युक्त्या भोवल्या आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत गूगलने बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ आपल्या नोंदीतून काढून टाकले होते. शोधयंत्राला एक पान आणि वाचकाला दुसरेच, असा प्रकार तेथे आढळला होता. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीसाठी लावलेल्या हजारो कृत्रिम दुव्यांचे प्रकरण उघड केले आणि गूगलने तिचा क्रम कितीतरी खाली आणला. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने ते काम पाहणाऱ्या सल्लागार कंपनीला दूर केले. युक्ती सल्लागार करतो आणि नाव मात्र मालकाचे जाते, हा यातील धडा आहे. मोठी कंपनी अशा पडझडीतून सावरते. एकाच हंगामावर जगणाऱ्या कुटुंबाला तेवढा अवधी नसतो.

खरे दुवे ओळखीतून व कामातून येतात. ज्या दुकानात आपली सुकेळी विकली जातात, त्या दुकानाच्या संकेतस्थळाने दुवा द्यावा. ज्या कृषी प्रदर्शनात आपण भाग घेतला, त्याच्या सहभागींच्या यादीत आपला पत्ता असावा. पारंपरिक खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या पत्रकाराला वाळवणीचे काम पाहायला बोलवावे. असे पाच दुवे शेकडो विकतच्या दुव्यांहून अधिक मोलाचे आहेत.

मोजका पैसा कोठे खर्च करावा?

पहिला खर्च पत्त्याचा, म्हणजे ‘डोमेन’चा. ‘डॉट इन’सारखे नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. पहिल्या वर्षी सवलत असते आणि पुढे दर वाढतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच विचारावा. हे नाव संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यात न ठेवता आपल्या किंवा संस्थेच्या खात्यात असावे. नूतनीकरणाची तारीख दोघांच्या तरी दिनदर्शिकेत लिहिलेली असावी. मुदत उलटली, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. अशी सोडून दिलेली नावे घेऊन त्यांवर जुगाराची पाने चालवणारे लोक आहेत. मग इतक्या वर्षांत मिळवलेले सारे दुवे आपल्या ग्राहकांना त्या पानांवर नेतात.

दुसरा खर्च संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेचा, म्हणजे ‘होस्टिंग’चा. लहान संकेतस्थळाला त्यातील साधी योजना पुरते. त्यावरील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे आणि साठवणीची प्रत काढून ठेवणे हे मात्र अत्यावश्यक आहे. याउपर पैसे उरले, तर जाणकाराकडून एकदाच तपासणी करून घ्यावी. दरमहा पैसे देण्यापेक्षा ‘काय चुकले आहे त्याची यादी द्या’ असे सांगून त्या कामाचे ठरावीक मानधन द्यावे. चांगला जाणकार काय करणार हे आधी सांगतो, आपल्या खात्यांचे अधिकार आपल्याकडेच ठेवतो आणि क्रमांकाची हमी देत नाही. हंगामाच्या सुरुवातीला काही दिवस रोजची मर्यादा घालून जाहिरात द्यायलाही हरकत नाही. मात्र जाहिरातीमुळे नैसर्गिक क्रम वाढत नाही, हे ठाऊक असावे.

धीर आणि मोजमाप

आज बदल केला आणि उद्या फळ मिळाले, असे येथे होत नाही. सुधारणांचा परिणाम दिसण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागतो, असे गूगलचेच मार्गदर्शन आहे. म्हणून हंगाम सुरू झाल्यावर धावपळ करण्याऐवजी पावसाळ्यातच हे काम हाती घ्यावे. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी सर्च कन्सोलमधील आकडे वहीत उतरवावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला “आमचा पत्ता आपल्याला कोठे मिळाला?” असे विचारावे. ‘केळी’ या शब्दासाठी पहिले येण्याची आकांक्षा धरण्याचे कारण नाही. ‘आगाशीची सुकेळी’ शोधणाऱ्या वीस माणसांपैकी पंधरा जणांना आपण सापडलो, तरी त्या घरचा माल खपेल.

अलीकडे शोधाच्या वरच्या भागात यंत्राने तयार केलेले उत्तरच दिसू लागले आहे. गूगलने ‘एआय ओव्हरव्ह्यू’ ही सोय अमेरिकेत मे २०२४ मध्ये आणि भारतात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू केली. त्यामुळे काही वाचक उत्तर वाचून तेथूनच परततात, हे खरे आहे. परंतु ते उत्तरही कोणाच्या तरी पानांवरूनच घेतलेले असते व खाली त्या पानांचे दुवे असतात. त्यात स्थान मिळवण्यासाठी निराळी युक्ती लागत नाही, असे गूगल सांगते. स्वच्छ, नोंद झालेला आणि नेमका मजकूर हीच तेथेही अट आहे.

आपल्या संस्थांनी काय करावे?

सुकेळीच्या उदाहरणावरून सांगितलेले सर्व काही संस्थांनाही लागू आहे. शाळेचे पान शोधणाऱ्या पालकाला प्रवेशाची तारीख हवी असते. पतपेढीच्या सभासदाला कामाच्या वेळा हव्या असतात. परगावी गेलेल्या कुटुंबाला बाप्तिस्म्याचा दाखला कसा मागवावा हे जाणून घ्यायचे असते. नव्याने राहायला आलेल्याला रविवारच्या मिस्साच्या वेळा हव्या असतात. ही माहिती चित्रात न ठेवता अक्षरांत, एका स्पष्ट शीर्षकाखाली आणि अद्ययावत असावी. गतवर्षीच्या वेळा दाखवणारे पान पहिल्या क्रमांकावर असले, तर चूक माहितीच आधी पोहोचते.

हे काम कोणी करावे? प्रत्येक संस्थेत मोबाईल सफाईने वापरणारा एखादा तरुण असतो आणि संस्थेचा सारा इतिहास तोंडपाठ असलेली एखादी ज्येष्ठ व्यक्ती असते. दोघांनी आठवड्यातून दोन तास एकत्र बसावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे, पहिल्याने टंकित करावे. पहिल्या आठवड्यात नोंद तपासावी. दुसऱ्यात मजकूर युनिकोडमध्ये आहे काय ते पाहावे. तिसऱ्यात शीर्षके सुधारावीत आणि चौथ्यात नकाशावरील नोंद पूर्ण करावी. महिन्याभराच्या या कामाला आठ तास लागतील आणि एक रुपयाही लागणार नाही. दरमहा दहा हजार मागणाऱ्या त्या दूरध्वनीला काय उत्तर द्यावे, हे त्यानंतर त्या कुटुंबाला कोणाला विचारावे लागणार नाही.